मंगळावरची संकष्टी: विज्ञानकथाप्रेमींचा विनोद कसा चालतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये विज्ञानकथा वाचणाऱ्या दहा-बारा जणांचा गट महिन्यातून एकदा जमतो आणि मधल्या दिवसांत एक वही एकाकडून दुसऱ्याकडं फिरते. त्या वहीत आणि गप्पांत सतत काहीतरी अचाट, तिरपागडं चाललेलं असतं. एकानं लिहिलं होतं, 'आमच्या घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे, त्यामुळं आमच्याकडं कायम भविष्यकाळ असतो.' तुम्ही त्याखाली लिहिलंत, 'हाहा, मग टाइम मशीन म्हणून विकून टाका!' वही पुढं गेली, फिरून परत आली, आणि तुमच्या ओळीखाली कोणी काहीच लिहिलेलं नव्हतं. हा विनोद शिकता येतो का, आणि त्यात थट्टा कुठं संपते आणि टिंगल कुठं सुरू होते, असं तुम्ही विचारता.

शिकता येतो. मी सांगलीहून इंग्लंडमधल्या लीड्सला आले तेव्हा मला इंग्रजी चांगलं येत होतं, वाचनही भरपूर होतं, तरी चाहत्यांच्या पहिल्या संमेलनात मी तीन दिवस नुसती ऐकत बसले होते. त्यासाठी गाव मात्र योग्य मिळालं. ३ जानेवारी १९३७ ला लीड्समध्ये मूठभर चाहते ठरवून जमले होते आणि ती बैठक विज्ञानकथेचं जगातलं पहिलं संमेलन असं पुष्कळजण मानतात. पुढं वीसेक वर्षं मी एक छोटं फॅनझिन काढलं, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी, पदरमोड करून छापलेलं नियतकालिक. त्यातली चार पानं मराठी असत. या सगळ्या काळात जे हाती लागलं ते सांगते.

हा विनोद चुटक्यांचा नाही. चुटका घरूनच तयार होऊन येतो, सांगून झाला की संपतो आणि ऐकणाऱ्याला हसण्यापलीकडं काही काम उरत नाही. चाहत्यांच्या विनोदात एकजण एक अशक्य गोष्ट खरी म्हणून मांडतो आणि बाकीचे ती खरी धरूनच पुढं बोलतात. विज्ञानकथाही अशीच चालते. एक अशक्य गृहीतक मान्य करायचं आणि त्यानंतर मात्र तर्कात जराही सूट द्यायची नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं अशा कथा वाचल्या, त्यांच्या गप्पांना तेच वळण लागलं.

याचं सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९३० च्या दशकातलं आहे. अमेरिकेत 'अस्टाउंडिंग' मासिकात वाचकांच्या पत्रांचं सदर असे. इलिनॉयमधल्या बॉब टकर या विशीतल्या तरुणानं त्यात एक संस्था जाहीर केली: विज्ञानकथा मासिकांतील तारेच्या पिनांना प्रतिबंध करणारी संस्था. मासिकाची पानं शिवायला ज्या पिना मारतात, त्यांच्याविरुद्ध. इंग्रजी नावाची आद्याक्षरं आठ होती आणि टकर ती प्रत्येक ठिकाणी गंभीरपणे लिहीत असे. हा सगळा पोरकटपणा आहे, असं न्यूयॉर्कच्या डोनाल्ड वॉल्हाइम या दुसऱ्या चाहत्यानं म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मेली असती. पण त्यानं विरोधी संस्था काढली. तिचं नाव मराठीत साधारण असं होईल: 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विज्ञानकथा प्रकाशनांमध्ये धातूच्या बंधनांचा वापर राखणे व चालू ठेवणे या उद्देशाने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व संलग्न संघटना.' मग वाचकांनी बाजू घेतल्या, आणखी लांब नावांच्या आणखी संस्था निघाल्या. चाहत्यांच्या इतिहासात याला स्टेपलचं युद्ध म्हणतात.

वॉल्हाइमनं काय केलं ते नीट बघा. टकरला त्याच्याइतकी मोठी मदत दुसऱ्या कोणी केली नाही. पिना हा लढण्याजोगा प्रश्न आहे हे त्यानं मान्य केलं, मगच तो विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहिला. आपल्याकडं पोरं विटी-दांडू खेळतात तेव्हा राज्य घेणारा कोणीतरी लागतो, तसंच हे.

१९४० च्या दशकाच्या शेवटी हे सगळं उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला पोचलं आणि तिथं त्याला खरी गोडी आली. वॉल्ट विलिस सरकारी नोकर होता, जेम्स व्हाइट कपड्यांच्या दुकानात काम करायचा, बॉब शॉ विमानाच्या कारखान्यात. विलिसच्या घराच्या माळ्यावर ही मंडळी जमत. माळ्यावर टेबल, मधे जाळी, हातात बॅटऐवजी जाड पुठ्ठ्याचे तुकडे आणि एक बॅडमिंटनचं फूल. फूल छतावर आपटलं तरी चालतं, भिंतीवरून उडालं तरी चालतं. या खेळाला त्यांनी नाव दिलं 'घूडमिंटन'. त्यातला 'घ' चाहत्यांच्या जुन्या सवयीतून आला: साध्या शब्दात एक जास्तीचा 'ह' घालायचा, म्हणजे तो शब्द आपल्या घरातला झाला.

बेलफास्टमध्ये त्या काळी माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट यावरून त्याची शाळा, गल्ली आणि पुष्कळदा नोकरीही ठरायची. व्हाइट कॅथलिक होता, विलिस प्रोटेस्टंट. माळ्यावर ते एकाच जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून फूल मारत आणि कोट्या करत. तिथल्या विनोदात जो मऊपणा आहे तो या माळ्यावरून आला असं मला वाटतं. बाहेर ज्या गोष्टीवरून माणसं दुखावली जात, तिला आत हात न लावण्याची सगळ्यांना सवय होती, आणि म्हणूनच बाकी कशाचीही थट्टा मोकळेपणानं करता येत होती.

त्यांच्या 'हायफन' या फॅनझिनचं मागचं पान मी नव्या माणसाला आधी दाखवते. या पानावर त्या अंकाच्या काळात कोणाच्या पत्रात आलेली किंवा कोणाच्या तोंडून निसटलेली वाक्यं छापत. कुठं, कशावरून, काही नाही. फक्त वाक्य. मागचा-पुढचा संदर्भ तोडल्यावर साधं घरगुती वाक्यसुद्धा परग्रहावरून आल्यासारखं दिसतं. हे तुमच्या वहीत उद्यापासून करता येईल. पुढच्या बैठकीत कान उघडे ठेवा, कोणीतरी सहज बोललेलं एक वाक्य टिपा आणि पानाच्या तळाशी एकटंच लिहा. आमच्या एका अंकात मागच्या पानावर एवढंच होतं: 'नाही हो, तो हात आमचा नव्हे, आमचा फ्रीजमध्ये आहे.' (दाराला लावायच्या हॅलोवीनच्या रबरी हाताबद्दल बोलणं चाललं होतं.) ज्याचं वाक्य छापतो त्याला ते वाचून आपला सन्मान झाला असं वाटलं पाहिजे. तसं वाटणार नसेल तर ते वाक्य सोडून द्या.

आता एक प्रसंग जसा घडला तसा सांगते, कारण हा विनोद माणसामाणसांत पुढं कसा सरकतो ते तत्त्वं सांगून कळत नाही.

ब्रिटनमधलं आमचं मोठं संमेलन ईस्टरच्या सुट्टीत भरतं. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो आणि संकष्टी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, त्यामुळं दोन्हींची गाठ पडायला फारसा योगायोग लागत नाही. एका वर्षी संमेलन उरकून आम्ही पाच मराठी माणसं आमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. सासूबाईंची संकष्टी. मोदक झाकून ठेवलेले, बाहेर लीड्सचं ढगाळ आभाळ आणि त्या दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाऊन येत होत्या. त्यांना तसं बघून आमच्यातला एकजण म्हणाला, "मंगळावर वस्ती झाल्यावर संकष्टीचं काय करायचं?"

कोणी हसलं नाही. दुसऱ्यानं विचारलं, "कोणत्या चंद्राची? तिथं दोन आहेत."

तिसऱ्यानं पेन काढलं. फोबोस मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो. मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा. म्हणजे ग्रह स्वतःभोवती फिरतो त्याहून हा चंद्र जोरात पळतो, म्हणून तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. एका उगवण्यापासून पुढच्या उगवण्यापर्यंत साधारण ११ तास. "म्हणजे सकाळी धरलेला उपास संध्याकाळच्या चहाला सुटतो," तो म्हणाला. "दिवसातून दोन चंद्रोदय. सोयीचं आहे."

"एवढ्या सोयीचा उपास बाप्पाला चालायचा नाही," चौथी म्हणाली. ती डिमॉसच्या बाजूची. डिमॉसची फेरी ३० तासांची, त्यामुळं तो आभाळात रेंगाळतो आणि एकदा उगवला की परत उगवायला साडेपाच दिवस घेतो. "खरा उपास डिमॉसचा. साडेपाच दिवस साबुदाण्यावर." लगेच दोन पंथ पडले. फोबोसवाल्यांनी डिमॉसवाल्यांना कर्मठ ठरवलं, डिमॉसवाल्यांनी फोबोसवाल्यांना चहाबाज. त्या चारीजणांतल्या कोणालाही टकर आणि वॉल्हाइम त्या वेळी आठवले नव्हते, तरी युद्ध तेच होतं.

मग गाडी पत्रिकेवर गेली. फोबोस बारा राशी पावणेआठ तासांत फिरतो, म्हणजे एक रास ३८ मिनिटं आणि एक नक्षत्र १७ मिनिटं. जुळ्यांतल्या धाकट्याचं नक्षत्र हमखास वेगळं पडणार. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं, म्हणजे आपली साडेसात वर्षं तिथली जवळजवळ नेमकी चार भरतात. "तर तिथं साडेसाती नाही," पेनवाला म्हणाला, "तिथं चारी." आणि ज्या ग्रहावर जन्म झाला तोच पत्रिकेत कसा मांडायचा? मांडताच येणार नाही. म्हणजे मंगळावर एकाही मुलीला मंगळ नाही. यावर मात्र आमची एक मैत्रीण जागेवरून उठून उभी राहिली. तिचं लग्न दोनदा पत्रिकेवरून मोडलं होतं. ती म्हणाली, "मी जाते. तिकीट काढा."

सासूबाई इतका वेळ खिडकीपाशी होत्या. विज्ञानकथा त्यांनी एकही वाचलेली नाही. त्या वळून म्हणाल्या, "तिथनं आपली पृथ्वी दिसते का रे?"

"दिसते, आई. चांदणीसारखी."

"आणि तिच्याशेजारी आपला चंद्र?"

"तोही दिसतो. नुसत्या डोळ्यांनी. तिला लागूनच एक ठिपका."

"मग त्या परक्या दोघांना कशाला त्रास? आपला चंद्र दिसला की सोडावा उपास."

पंथ जागच्या जागी बरखास्त झाले. इतकं नेमकं उत्तर आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं आणि ते खगोलशास्त्रानंही बरोबर होतं. सासूबाईंनी विनोद केला नव्हता. त्यांनी आमचं गृहीतक पूर्ण खरं मानलं, अडलेल्या दोन गोष्टी विचारून घेतल्या आणि निर्णय दिला. त्या संध्याकाळी आमच्यातली सगळ्यात तयार चाहती त्या होत्या. हे मी कौतुकानं म्हणते आणि अक्षरशः म्हणते.

या प्रसंगात आकडे किती काम करत होते तेही बघा. फोबोसचे तास अंदाजानं ठोकले असते, तर दोन पंथ पडलेच नसते. चारचा आकडा इतका नेमका निघाला म्हणूनच 'चारी'ला मजा आली. अचाट गोष्टीला खरी मापं लावली की ती उभी राहते. बॉब शॉ पुढं विज्ञानकथालेखक म्हणून नावारूपाला आला आणि ब्रिटिश संमेलनांत 'गंभीर वैज्ञानिक व्याख्यानं' देऊ लागला. नावाप्रमाणंच तो चेहरा अगदी सरळ ठेवून बोलायचा आणि सभागृह हसून लोळायचं. १९७९ आणि १९८० अशी सलग दोन वर्षं त्याला सर्वोत्कृष्ट चाहता-लेखकाचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला. वहीत लिहिताना 'हाहा' लिहू नका, हे मी त्याच्याकडून शिकले. 'हाहा' म्हणजे बोलता बोलता मधेच थांबून, हे खरं नव्हे बरं का, असं सांगणं. गृहीतक तिथंच फुटतं.

लिहिण्याच्या बाबतीत आणखी दोन जुन्या युक्त्या उपयोगी पडतील. फॅनझिनं पूर्वी सायक्लोस्टाइलवर निघत. मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, चूक झाली की लाल द्रवाचा ठिपका लावून वाळू द्यायचा आणि त्यावरून परत टाइप करायचं. दोन लेखांमध्ये जागा उरली की वर एक रेघ, खाली एक रेघ आणि मधे एकच ओळ. त्या ओळीचा वरच्या लेखाशी संबंध नसतो, खालच्याशीही नसतो. मराठीत अशा ओळीला कोटी फार शोभते आणि मराठीचं कोट्यांचं भांडार अमाप आहे, इंग्रजीच्या दाराशी उसनवारीला जायची गरज नाही. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं, तेव्हा आमच्या अंकात दोन रेघांमध्ये एवढंच छापलं होतं: 'प्लूटोबद्दल आपल्या सर्वांचा गैरग्रह झाला होता.' ही ओळ इंग्रजीत होऊच शकत नाही, आणि म्हणून ती मला जास्त प्रिय आहे.

दुसरी युक्ती चुकीला जपण्याची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ली जेकब्स नावाच्या चाहत्यानं लोकसंगीतावर एक लेख लिहिला आणि शीर्षकात 'फोक'च्या जागी 'फिल्क' टाइप झालं. तो लेख त्या वेळी वाचकांपर्यंत गेलासुद्धा नाही, पण शब्द राहिला. हा शब्द आहे म्हटल्यावर ती वस्तूही असली पाहिजे, असं म्हणून लोकांनी गाणी रचायला घेतली. आज संमेलनांत रात्री उशिरा गोल करून बसून जे गातात त्याला फिल्कच म्हणतात. आमच्या मराठी पानांत एकदा 'अवकाशयान'चं 'अवकाळयान' झालं. एका वाचकानं कोकणातून पत्र लिहून विचारलं, हे यान उतरताना आंब्याचा मोहोर गळतो का. पुढच्या अंकात आम्हाला अवकाळयानाचं वेळापत्रक छापावं लागलं, अर्थातच एकही वेळ न पाळणारं.

अशा गोष्टी कधीकधी इतक्या लांब जातात की जगालाच त्यांच्यामागं यावं लागतं. लॉस एंजेलिसजवळ साउथ गेट नावाचं छोटं शहर आहे. तिथं रिक स्नीअरी हा चाहता राहायचा, तब्येतीनं नाजूक आणि स्पेलिंग स्वतःच्या मनानं करणारा. १९४८ साली त्यानं घोषणा दिली: १९५८ चं जागतिक संमेलन साउथ गेटला. इंग्रजीत 'गेट' आणि 'एट'चं यमक जुळतं, घोषणेमागं याहून मोठं कारण नव्हतं. चाहते दहा वर्षं ती घोषणा पत्रांच्या तळाशी लिहीत राहिले. १९५८ उजाडलं तेव्हा संमेलन खरंच त्यांच्याकडं आलं. पण तेवढं हॉटेल होतं लॉस एंजेलिसमध्ये. मग महापौरांकडून जाहीरनामा मिळवला, की संमेलनाच्या दिवसांपुरती हॉटेलची ती जागा साउथ गेटमध्ये धरावी. तीनशेच्या वर माणसं त्या हलवलेल्या शहरात जमली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आजारी मुलाच्या एका यमकासाठी इतक्या जणांनी दहा वर्षं राबावं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

आता टिंगलीचा प्रश्न. यावर माझं मत पक्कं आहे.

स्टेपलच्या युद्धाचा शेवट मी वर सांगितला नाही. १९३६ मध्ये टकर वारल्याची बातमी मासिकाकडं पत्रानं गेली आणि ती छापूनही आली. ती खोटी होती. टकर त्यानंतर ७० वर्षं जगले, २००६ पर्यंत. संपादकाची मात्र नाचक्की झाली आणि युद्धाची गंमत तिथंच विझली. पिनांच्या भांडणात जे कोणी होते ते आपण होऊन आले होते. संपादक त्या खेळात नव्हता, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. खेळाबाहेरच्या माणसाला सोंगटी केलं की खेळ बिघडतो.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या एका सोळा वर्षांच्या मुलानं तलवारबाजीची एक अद्भुत लघुकादंबरी लिहिली आणि ती तिथल्या फॅनझिनमध्ये आली. शब्द भलतीकडं पडलेले, उपमा एकमेकींवर आदळणाऱ्या, छपाईच्या चुका जशाच्या तशा. तिच्या प्रती हातोहात फिरल्या आणि संमेलनांत रात्री ती मोठ्यानं वाचायचा खेळच सुरू झाला: न हसता जो जास्त वाचेल तो जिंकला. मीही एकदा त्या खोलीत बसून पोट दुखेपर्यंत हसले आहे. नंतर मला कळलं, की १९८४ साली रेडिओवरच्या मुलाखतीत त्या लेखकानं या थट्टेनं आपण दुखावलो असं सांगितलं होतं आणि यापुढं कधी लिहिणार नाही असंही. त्यानंतर त्या खोलीत मी परत गेले नाही. त्याचं आणि गोष्टीचं नाव इथं मी मुद्दाम देत नाही. सोळाव्या वर्षी आपण सगळ्यांनी तसंच काहीतरी लिहिलेलं असतं, फरक इतकाच की आपल्या वह्या कोणाच्या हाती लागल्या नाहीत.

याच्या शेजारी डेव्हिड लँगफर्ड यांचं काम ठेवून बघा. 'अँसिबल' हे त्यांचं विज्ञानकथेच्या जगाचं बातमीपत्र १९७९ मध्ये सुरू झालं, मधली काही वर्षं बंद होतं, आणि त्यात 'थॉगचा मास्टरक्लास' नावाचं सदर येतं. छापील पुस्तकांतली, पैसे घेऊन लिहिणाऱ्या लेखकांची घसरलेली वाक्यं त्यात जशीच्या तशी देतात. एक वाक्य, लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव, बस. शेरा नाही. मोठमोठ्या लेखकांची वाक्यं तिथं येऊन गेली आहेत. ज्याचं एक वाक्य घसरलं त्याची बाकीची हजार वाक्यं शाबूत असतात, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. त्या मुलाकडं मात्र तेवढी एकच गोष्ट होती.

विलिस आणि शॉ यांनी १९५४ मध्ये चाहत्यांच्या जगावर एक रूपककथा लिहिली, 'द एन्चांटेड डुप्लिकेटर'. तिचा नायक परिपूर्ण फॅनझिन काढण्याच्या ध्यासानं प्रवासाला निघतो, आणि त्याच्याजवळ विनोदाची एक ढाल असते. मला हे फार बरोबर वाटतं. त्यांनी विनोदाची तलवार केली नाही.

नवा माणूस बाहेर राहू नये याचीही या लोकांनी काळजी घेतली होती, आणि हे तुमच्या गटातल्या जुन्या मंडळींना जरूर सांगा. आतल्या गमती साठत गेल्या की त्यांची भिंत होते. जॅक स्पीअर या चाहत्यानं १९४४ मध्येच चाहत्यांच्या शब्दांचा आणि संदर्भांचा एक कोश काढला, 'फॅन्सायक्लोपीडिया'. कोणता शब्द कुठून आला, कोणती संस्था खरी आणि कोणती नुसतीच आद्याक्षरांची, सगळं त्यात होतं. तुमच्या वहीची शेवटची आठ-दहा पानं अशा कोशासाठी राखून ठेवा. विनोद समजावून सांगितला की मरतो म्हणतात. एका कोटीपुरतं ते खरं असेल, पण परंपरेचं तसं नाही. स्टेपलच्या युद्धाची गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली असेल आणि दर वेळी कोणीतरी नवीन माणूस बाजू घेतो.

मराठीतही या मिश्कीलपणाला एक सुंदर पूर्वज आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव बेतलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. आपल्या नावाच्या वजनानं निकाल लागू नये हा हेतू गंभीर होता आणि त्यासाठी वापरलेली युक्ती खोडकर. या दोन गोष्टी एका माणसात सुखानं नांदतात, हे मी आमच्या इथल्या चाहत्यांनाही सांगत असते. जगताप हे नाव त्यांना उच्चारायला जड जातं, पण उलट्या आद्याक्षरांची गोष्ट लगेच कळते.

आता तुमची वहीतली ओळ. घड्याळ पाच मिनिटं पुढं असलेल्या माणसानं तुमच्याकडं घूडमिंटनचं फूल मारलं होतं. 'टाइम मशीन म्हणून विका' यात तुम्ही ते हातात धरून ठेवलंत. घड्याळ विकल्यावर त्यानं पुढं काय करायचं? त्याला उत्तर द्यावं लागेल असं काहीतरी पाठवायला हवं होतं आणि त्याचं घर खरोखरच पाच मिनिटं पुढं आहे हे मान्य करून. मी असं लिहिलं असतं: 'मी आत्ताच गॅसवर चहा ठेवला आहे. तुमच्याकडं पाच मिनिटं होऊन गेली असतील. कृपया कळवा, उतू गेला का?'

वही त्याच्याकडं जाईल. तो लिहील, 'गेला. फडकं ओट्याच्या डाव्या बाजूला आहे.' वही परत तुमच्याकडं येईल. त्या दिवशी चहा ठेवून तुम्ही ती उघडाल, त्याची ओळ वाचाल, खाली काय लिहावं याचा विचार करत बसाल, आणि स्वयंपाकघरातून फस्स असा आवाज येईल.